पॅकहाऊसच्या जुन्या संगणकाचा माऊस: दुरुस्तीच्या प्रकल्प नोंदी

२ डिसेंबर २०२४

दिंडोरी रस्त्याकडच्या एका द्राक्ष पॅकहाऊसचा संगणक नाशिकच्या म्हसरूळमधल्या दुरुस्तीच्या टेबलावर आला आहे. सोबतच्या चिठ्ठीत तीन तक्रारी आहेत. माऊस मधूनच बंद पडतो. नवा माऊस आणला, तोही चालत नाही. आणि कधीकधी बाण कोणी हात न लावता स्क्रीनभर पळतो आणि खिडक्या आपोआप उघडतात. या तिन्ही तक्रारी एकाच दोषाच्या असतील असे गृहीत धरायचे नाही, हे आधीच ठरवले आहे.

यंत्र असे आहे: पेंटियम ४, ४७८ सॉकेट, इंटेल ८४५ जीव्ही चिपसेट, ५१२ एमबी रॅम, विंडोज एक्सपी सर्व्हिस पॅक ३. मागे कीबोर्डाचा जांभळा आणि माऊसचा हिरवा असे दोन गोल पीएस/२ पोर्ट, एक सिरियल म्हणजे कॉम १, एक पॅरलल आणि चार यूएसबी. कॉम १ ला इलेक्ट्रॉनिक वजनकाटा जोडतात. पॅरलल पोर्टवर प्रोग्रामचे लॉक, म्हणजे परवान्याची छोटी डबी, बसते आणि लॉकच्या पाठीवर लेबल प्रिंटर.

संगणक बदलण्याचा पर्याय आधी तपासला. पेटीचे वजन घेऊन लेबल छापणारा प्रोग्राम लॉकशिवाय उघडत नाही, आणि नव्या संगणकांना सहसा पॅरलल पोर्ट नसतो. यूएसबीवरून पॅरलल करून देणारी वायर बहुतेक वेळा फक्त प्रिंटरपुरती असते, अशी लॉक तिच्यावर ओळखली जात नाहीत. जानेवारीत माल सुरू होईल. तोवर नवा प्रोग्राम लिहून, वजनकाट्याशी जुळवून, तपासून घेणे शक्य नाही. म्हणून हेच यंत्र नीट करायचे. इंटरनेट मात्र जोडायचे नाही. एक्सपीची सुरक्षा अद्यतने ८ एप्रिल २०१४ ला थांबली आहेत.

माऊस नसताना एक्सपी चालवायची सोय लावून ठेवली. डावी ऑल्ट, डावी शिफ्ट आणि नम लॉक एकत्र दाबले की माऊस कीज सुरू होतात. मग अंकांच्या पॅडवरचे ४, ६, ८, २ बाण हलवतात आणि ५ म्हणजे क्लिक. विंडोज की आणि पॉज ब्रेक दाबून सिस्टिमची खिडकी, कंट्रोल-टॅबने हार्डवेअरचे पान, तिथून डिव्हाइस मॅनेजर, म्हणजे जोडलेल्या उपकरणांची यादी. शिफ्ट-एफ१० म्हणजे उजवी क्लिक. सगळे काम याने होते, फक्त वेळ लागतो.

३ डिसेंबर

आधी नव्या माऊसचा निकाल लावला. तो यूएसबीचा आहे आणि हिरव्या पोर्टात बसावा म्हणून त्याला छोटा हिरवा अडॅप्टर लावलेला आहे. या अडॅप्टरमध्ये कोणतीही चिप नसते, चार तारा एका आकारातून दुसऱ्या आकारात नेलेल्या असतात, इतकेच. यूएसबी आणि पीएस/२ या दोन्ही भाषा बोलता येणाऱ्या माऊसलाच तो चालतो. असे माऊस सुरू होताना आपण कुठे जोडलो आहोत हे ओळखून भाषा बदलतात. हल्लीच्या स्वस्त माऊसच्या चिपमध्ये पीएस/२ चा भाग अनेकदा ठेवलेलाच नसतो. अशा माऊसचा लाल दिवा अडॅप्टरमधूनही लागतो, कारण दिव्याला ५ व्होल्ट पुरतात. दुकानात दिवा बघून ‘चालतो आहे’ म्हटले जाते आणि गिऱ्हाईक तो घेऊन जाते. दिवा लागणे म्हणजे वीज पोचली, एवढाच त्याचा अर्थ.

हाच माऊस अडॅप्टर काढून मागच्या यूएसबीत लावला. एक्सपीने नवे उपकरण म्हणून ओळखला आणि तो लगेच चालला. म्हणजे माऊस चांगला आहे, अडॅप्टरची जोडी चुकीची.

पण अडॅप्टर लावून हिरव्या पोर्टात ठेवला तेव्हा त्याचा दिवाही स्थिर नव्हता. प्लग किंचित वर उचलला की लागे, सोडला की विझे. ही निराळी गोष्ट आहे. पोर्टाला वीज नीट मिळत नाही, आणि पहिल्या तक्रारीचे मूळ इथेच असावे.

पीएस/२ च्या प्लगला सहा पिना असतात, पैकी चार कामाच्या: १ डेटा, ३ ग्राउंड, ४ वर अधिक ५ व्होल्ट, ५ क्लॉक. मीटरची टोके त्या बारीक भोकांत घालायचा प्रयत्न करू नये. टोक घसरून ३ आणि ४ एकमेकांना टेकली की पोर्टाचा फ्यूज जाऊ शकतो. त्याऐवजी एक जुनी पीएस/२ एक्स्टेंशन वायर मधून कापली, नराच्या बाजूची प्रत्येक तार कोणत्या पिनेला जाते ते मीटरच्या बीपवर शोधले आणि चार तारा पट्टीवर सोल्डर करून नावे लिहिली. तारांच्या रंगांवर विसंबता येत नाही, प्रत्येक कंपनीचे रंग वेगळे असतात. पंधरा-वीस मिनिटांत बनणारे हे साधन पुढच्या प्रत्येक जुन्या संगणकाला उपयोगी पडेल.

मोजमाप: जांभळ्या पोर्टावर ३ आणि ४ मध्ये ५.०४ व्होल्ट, स्थिर. हिरव्यावर ० आणि ५ च्या मध्ये नाचणारा आकडा, वायर हलवली की बदलणारा.

५ डिसेंबर

कीबोर्ड चालतो आहे, ही इथे सर्वात उपयोगी माहिती ठरली. या बोर्डावर दोन्ही पीएस/२ पोर्टांचे ५ व्होल्ट एकाच छोट्या फ्यूजमधून येतात. फ्यूजच्या दोन्ही टोकांना ५.०४ मिळाले. म्हणजे फ्यूज शाबूत, आणि दोष फ्यूजनंतर हिरव्या पोर्टाच्या पिन ४ पर्यंतच्या दोन-तीन सेंटिमीटरमध्ये आहे.

ज्यांच्याकडे मीटर नाही त्यांच्यासाठी याच तपासाचा सोपा प्रकार आहे. संगणक पूर्ण बंद करून कीबोर्ड हिरव्या पोर्टात लावायचा आणि सुरू करायचा. कीबोर्ड म्हणून तो चालणार नाही, पण वीज मिळत असेल तर सुरुवातीला त्याचे तिन्ही दिवे एकदा चमकतात. चमकले नाहीत तर पोर्टात वीज नाही.

‘पूर्ण बंद’ म्हणजे काय, ते इथे स्पष्ट लिहून ठेवले पाहिजे. एटीएक्स, म्हणजे या पिढीचा, संगणक शटडाऊन केला तरी एसएमपीएस (आतला वीजपुरवठ्याचा डबा) ५ व्होल्टची स्टँडबाय लाइन चालूच ठेवतो, आणि कीबोर्डवरून संगणक उठवण्याच्या सोयीसाठी अनेक बोर्डांवर हीच लाइन पीएस/२ पोर्टांना दिलेली असते. शटडाऊननंतरही माऊसचा दिवा जळत राहतो तो यामुळे. पीएस/२ हा प्रकार १९८७ मध्ये आला तेव्हा चालू यंत्रात प्लग काढण्या-घालण्याचा विचार त्यात नव्हता. तेव्हा मागचे बटण किंवा भिंतीवरचा स्विच बंद करायचा, मग समोरचे बटण दहा सेकंद दाबून उरलेला चार्ज जाऊ द्यायचा, आणि त्यानंतरच प्लगला हात.

बोर्ड कॅबिनेटमधून काढला. पोर्टाच्या मागच्या बाजूला भिंगातून पाहिल्यावर पिन ४ भोवती सोल्डरला गोल चीर दिसली. चक्क ड्राय सोल्डर, म्हणजे सुटलेला सांधा. पॅकहाऊसमध्ये टेबल भिंतीपासून दूर आहे आणि माऊसची वायर ताणलेली असते, असे विचारल्यावर कळले. रोजच्या ओढीने पिन हलत राहते आणि कधीतरी सोल्डर सोडते.

दुरुस्ती: फ्लक्स लावला, जुने सोल्डर तांब्याच्या वेणीने शोषून घेतले आणि ६३/३७ (कथील-शिसे) च्या ०.८ मिमी तारेने नवे भरले. सोल्डरिंग आयर्नचे तापमान ३५० अंश. ग्राउंडची पिन आणि पोर्टाच्या पत्र्याचे पाय मोठ्या तांब्याच्या पट्ट्याला जोडलेले असतात. तिथे उष्णता पसरून जाते, म्हणून रुंद टोक वापरून थोडा जास्त वेळ द्यावा लागतो. त्या पायांनाही नवे सोल्डर दिले, कारण ओढ खरी तेच सोसतात. चीर एकाच पिनेला दिसली तरी पोर्टाच्या सगळ्याच पिना पुन्हा कराव्यात. शेजारच्या पिनांनी तेवढीच ओढ खाल्लेली असते.

नंतर मोजले: रिकाम्या पोर्टावर ५.०४, माऊस लावून ४.९८. वायर हलवली तरी आकडा जागचा हलत नाही. माऊस स्थिर असताना क्लॉक आणि डेटा या दोन्ही तारा ५ व्होल्टच्या आसपास उभ्या असल्या पाहिजेत, तशा त्या आहेत. यातली डेटाची तार कायम शून्यावर असती तर माऊस किंवा वायर शॉर्ट. क्लॉक शून्यावर धरलेली असती तर बोर्डाने पोर्ट थांबवून ठेवला आहे असे समजायचे.

६ डिसेंबर

सोल्डर झाले, वीज आली, पक्का पीएस/२ माऊस लावला, तरी एक्सपीत बाण नाही. कारण बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी चालणाऱ्या बोर्डाच्या सेटिंगांत, सापडले.

सुरुवातीला डिलीट की दाबून आत गेलो. ‘पीएस/२ माऊस फंक्शन कंट्रोल’ हे ‘ऑटो’ वर होते. ऑटोचा अर्थ: सुरू होताना माऊस दिसला तर आयआरक्यू १२ (प्रोसेसरला हाक मारायचा क्रमांक) त्याच्यासाठी राखायचा, नाही दिसला तर तो मोकळा करून इतर कार्डांना द्यायचा. पोर्ट मेलेला असताना माऊस दिसत नव्हता, त्यामुळे १२ नंबर नेटवर्क कार्डाकडे गेला होता. डिव्हाइस मॅनेजरमध्ये ‘व्ह्यू’ मधून ‘रिसोर्सेस बाय टाइप’ निवडले की ही वाटणी दिसते. ऑटोचे ‘एनेबल्ड’ केले, ‘रिसेट कॉन्फिगरेशन डेटा’ ला एकदा होकार दिला आणि सेव्ह करून बाहेर. पुढच्या वेळी १२ समोर पीएस/२ माऊस आला आणि बाण हलला.

पीएस/२ माऊस विंडोज फक्त सुरू होताना शोधते. नंतर लावला तर डिव्हाइस मॅनेजर कितीही वेळा ताजा करा, तो येत नाही. यूएसबीची सवय झालेल्यांनी हे ध्यानात ठेवावे.

बायोसचे घड्याळ मात्र मागे गेलेले होते. बोर्डावरची सीआर २०३२ बॅटरी काढून मोजली: २.३ व्होल्ट. नवी ३ च्या वर असते. रात्री पॅकहाऊसचा मेन स्विच पाडतात, स्टँडबाय वीजही जाते, आणि मग बायोसची सगळी माहिती या एका बॅटरीवर असते. जुनी ठेवली असती तर आजचे ‘एनेबल्ड’ उद्या पुन्हा ‘ऑटो’ झाले असते. याहून गंभीर बाब म्हणजे लेबलवरची तारीख याच घड्याळातून छापली जाते. पेटीवर चुकीची तारीख गेली तर माल अडतो. नवी बॅटरी बसवली, तारीख-वेळ लावली, प्लग काढून रात्रभर ठेवायचे.

७ डिसेंबर

घड्याळ बरोबर, सेटिंग जागेवर.

९ डिसेंबर

एक्सपीतली जुनी घाण काढली. पूर्वीच्या एका माऊसच्या सीडीतून टाकलेले, चाकाच्या बटणांचे सॉफ्टवेअर होते. ते ‘अ‍ॅड ऑर रिमूव्ह प्रोग्राम्स’ मधून काढले. अशी सॉफ्टवेअर जाताना कधीकधी स्वतःचा फिल्टर, म्हणजे मध्ये बसणारा तुकडा, रजिस्ट्रीत (विंडोजच्या सेटिंगांच्या नोंदवहीत) सोडून जातात. मग चांगला माऊसही पिवळ्या खुणेसह कोड ३९ दाखवतो, म्हणजे त्याचा ड्रायव्हर (उपकरण चालवणारा प्रोग्राम) उघडता आला नाही. म्हणून माऊसच्या वर्गातली ‘अप्पर फिल्टर्स’ ही नोंद उघडून पाहिली. तिथे फक्त ‘माऊक्लास’ हे एकच नाव असायला हवे, आणि तसेच आहे. रजिस्ट्रीला हात लावण्याआधी त्या भागाची प्रत फाइलमध्ये काढून ठेवली आहे. बदल काहीच करावा लागला नाही तरी ती घ्यावीच.

यूएसबीची सोयही तपासली. मागचे चारही पोर्ट ठीक, ५.०५ व्होल्ट. पुढचे दोन कॅबिनेटच्या पातळ तारांवर आहेत, पेनड्राइव्ह लावला की तिथले ४.६ वर येतात. माऊस त्यावर चालेल, पण भरवसा ठेवू नये. पुढच्या पोर्टांवर टोपी लावून टाकली. एक्सपी प्रत्येक नव्या पोर्टाला नवे उपकरण समजून पुन्हा बसवत बसते, तेव्हा सुटा यूएसबी माऊस नेहमी एकाच पोर्टात लावायचा. कीबोर्डाच्या शेजारच्या वरच्या पोर्टाला पांढऱ्या रंगाचा ठिपका दिला आहे.

टेबलावर दिवसभर चालवला. माऊस एकदाही अडला नाही. पळणारा बाण मात्र दिसला नाही, आणि जो दोष डोळ्यांनी पाहिला नाही तो गेला असे म्हणता येत नाही. इथे वजनकाटा जोडलेला नाही, प्रिंटर नाही, आणि वीजही वेगळी आहे.

१२ डिसेंबर, पॅकहाऊस

आधी वीज. संगणकाचे कॅबिनेट आणि इमारतीची अर्थ (जमिनीला जोडलेली तार) यांमध्ये एसीवर १०८ व्होल्ट मिळाले. एसएमपीएसच्या आतल्या फिल्टरमध्ये फेज आणि न्यूट्रलकडून कॅबिनेटला दोन छोटे कपॅसिटर असतात. अर्थ जोडलेली असेल तर त्यांची गळती जमिनीत जाते. अर्थ नसेल तर कॅबिनेट मेनच्या साधारण निम्म्या दाबावर तरंगते, आणि हात लावला की झिणझिण्या येतात. करंट फार थोडा असतो, तरी चालू यंत्रात सिरियल किंवा पीएस/२ प्लग घातला की तो पोर्टाच्या चिपमधून वाट काढतो. जुन्या यंत्रांचे पोर्ट असेच जातात.

दोष एक्स्टेंशन बोर्डात होता. तीन पिनांचा प्लग, पण आत दोनच तारा. बोर्ड बदलला, संगणक, प्रिंटर आणि वजनकाटा तिन्ही एकाच नव्या बोर्डावर घेतले. आता कॅबिनेट आणि अर्थमध्ये १ व्होल्टच्या आत, न्यूट्रल आणि अर्थमध्ये १.६. प्रिंटरची मोटर सुरू होताना माऊस क्षणभर गोठायचा, असे इथल्या मुलींनी सांगितले होते. बोर्ड बदलल्यावर लेबलांची लांबलचक छपाई चालवून पाहिली, गोठला नाही.

मग वजनकाटा जोडून संगणक नव्याने सुरू केला आणि तिसरी तक्रार समोर उभी राहिली. बाण कोपऱ्यात उडाला, स्टार्ट मेनू उघडला, मिटला, डेस्कटॉपवरचे आयकॉन सरकले. माऊसचा प्लग काढला तरी बाण पळतोच आहे. म्हणजे हा माऊस नव्हेच. कॉम १ ची वायर काढली, बाण जागच्या जागी थांबला.

हे का होते ते नीट लिहून ठेवतो, कारण जिथे जिथे वजनकाटा, बारकोड रीडर किंवा जीपीएस सिरियलवर सतत बोलत असतो तिथे हेच होते. पूर्वी माऊस सिरियल पोर्टावर असायचे: १२०० बॉड (पाठवण्याचा वेग), सात डेटा बिट, आणि वीज आरटीएस-डीटीआर या इशाऱ्याच्या तारांवरून. विंडोज सुरू होताना त्या तारा खाली-वर करते आणि उत्तरात ‘एम’ हे अक्षर आले तर तिथे माऊस आहे असे मानते. इथला काटा ९६०० बॉडवर, कोणी विचारो न विचारो, वजनाची ओळ अखंड पाठवत राहतो. त्याची वायर २, ३ आणि ५ या तीनच पिनांची, त्यामुळे आरटीएस-डीटीआरचे त्याला काही कळत नाही. १२०० वर ऐकणाऱ्या विंडोजला ९६०० चा मजकूर कचऱ्यासारखा दिसतो, आणि त्या कचऱ्यातला एखादा बाइट ‘एम’ ठरला की डिव्हाइस मॅनेजरमध्ये ‘मायक्रोसॉफ्ट सिरियल बॉलपॉइंट’ नावाचा माऊस उगवतो. मग प्रत्येक पेटीचे वजन बाणाची हालचाल आणि क्लिक म्हणून वाचले जाते. काटा आधी चालू असेल तर होते, नंतर चालू केला तर होत नाही. ‘कधीकधी’ चे कोडे तेच.

उपाय करताना ते उपकरण ‘अनइन्स्टॉल’ करायचे नाही. केले तर पुढच्या सुरुवातीला विंडोज पुन्हा शोधून बसवते. काट्याची वायर काढून संगणक शांत केला, काटा जोडून पुन्हा सुरू केला, बॉलपॉइंट दिसताच कीबोर्डने त्यावर जाऊन शिफ्ट-एफ१० आणि ‘डिसेबल’. त्यानंतर रजिस्ट्रीत सर्व्हिसेसखाली ‘सरमाऊस’ या नोंदीतले ‘स्टार्ट’ ३ वरून ४ केले. ४ म्हणजे हा ड्रायव्हर कधीच चालवायचा नाही. इथे खरा सिरियल माऊस वापरायचाच नसल्याने नुकसान काही नाही.

काट्याच्या मेनूत ‘सतत पाठवा’ ऐवजी ‘मागितल्यावर पाठवा’ असा पर्याय आहे. तांत्रिकदृष्ट्या तोच जास्त चांगला. पण हा प्रोग्राम काट्याला मागणी पाठवत नाही, नुसता ऐकतो, म्हणून काटा ‘सतत’ वरच ठेवला.

१३ डिसेंबर, पॅकहाऊस

काटा आधी चालू, मग संगणक. संगणक आधी, मग काटा. मेन स्विच पाडून दोन्ही एकदम. तिन्ही प्रकारांत बाण शांत, ५ किलोच्या पेटीचे वजन बरोबर, लेबल बरोबर.

संगणकाची जागा बदलायला सांगितले. तो प्रीकूलिंगच्या, म्हणजे द्राक्षे थंड करण्याच्या खोलीच्या, दाराशेजारी होता. दार उघडले की थंड धातूवर बाहेरची दमट हवा बसते. त्यात पेट्यांमध्ये घालायचे ग्रेप गार्ड पॅड त्याच कोपऱ्यात साठवलेले. त्यांतून ओलाव्याने सल्फर डायऑक्साइड सुटतो आणि ओल्या तांब्या-पितळेला तो खातो. पोर्टाच्या पिना काळपट पडल्या होत्या त्या यामुळेच असाव्यात. ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि मऊ ब्रशने साफ केल्या. पॅड दुसऱ्या खोलीत गेले, टेबल भिंतीला लागले, माऊसची वायर टेबलाच्या पायाला सैल वळसा देऊन क्लिपने बांधली, म्हणजे ओढ पोर्टाला लागणार नाही.

ऑप्टिकल माऊस टेबलाच्या काचेवर अडखळत होता. काचेवर सेन्सरला पकडायला खडबडीतपणा मिळत नाही. खाली जाड पुठ्ठा दिला, पुरतो.

१६ डिसेंबर

एम. जी. रोडवरून दोन पीएस/२ माऊस आणले, एक वापरात, एक कॅबिनेटला चिकटवलेल्या पिशवीत. सोबत कागद: प्लग काढण्याआधी भिंतीवरचा स्विच बंद, माऊस लावून मगच संगणक सुरू, हिरवा अडॅप्टर वापरायचा नाही, गरज पडली तर यूएसबी माऊस पांढऱ्या ठिपक्याच्या पोर्टात, बाण पळाला तर कॉम १ ची वायर काढून फोन करा.

हार्ड डिस्कची पूर्ण प्रत अजून घ्यायची आहे. जुन्या आयडीई जोडणीची डिस्क आहे, तिच्या जोडीची दुसरी मिळाली की जानेवारीच्या पहिल्या आठवड्याआधी, रात्रीची पाळी नसेल त्या दिवशी. सरमाऊसचा बदल आणि बायोसच्या पानांचे फोटो त्या प्रतीसोबत ठेवायचे.